एका ‘किंवा’ची गोष्ट

आजोळच्या लोखंडी ट्रंकेत एक निळं अंतर्देशीय पत्र होतं. १९७६ च्या पावसाळ्यातलं, आजीने तुरुंगातल्या मामांना लिहिलेलं. मामा तेव्हा ‘मिसा’खाली स्थानबद्ध होते. पत्रावर तपासणीचा शिक्का होता आणि मजकुरातल्या मधल्या दोन ओळींवर काळ्या शाईचा जाड पट्टा. मामांनी तो कागद उजेडाकडे धरून, तिरका करून, मागून पुढून पाहिला होता. काही लागलं नाही. १९७७ मध्ये सुटून घरी आल्यावर त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, “आई, त्या पत्रात मध्ये काय लिहिलं होतंस?” आजीला आठवायला वेळ लागला. मग म्हणाली, “अरे, परसातला जुना फणस वादळात पडला, ते लिहिलं होतं. आणि पुढच्या मिरगाला नवा लावू, म्हणून.”

आमच्या घरात हा किस्सा हसण्यावारी सांगितला जायचा. मीही हसायचे. पुढे अनुवाद हेच पोट भरायचं साधन झालं, तेव्हा मात्र त्या काळ्या पट्ट्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागले. कुणीतरी अनोळखी माणसाने ते वाक्य माझ्यासारखंच टेबलाशी बसून वाचलं असणार. जुनं झाड पडलं, नवं लावू. १९७६ साली या वाक्यात दुसरा अर्थ शोधायला फार कल्पकता लागत नव्हती. दुसऱ्याचं वाक्य घ्यायचं, त्याचा हेतू ओळखायचा आणि तिसऱ्या कुणाला तो सांगायचा, हे त्याचंही काम होतं आणि माझंही आहे. फरक एवढाच की माझं चुकलं तर संपादक फोन करतो.

तुरुंगातल्या पत्रांना तुरुंगाचे नियम लागू होते. पण बाहेरच्या, मोकळ्या माणसाचं पत्र कुणी उघडायचं आणि कधी, हे आपल्याकडे कायद्यातल्या एका वाक्याने ठरतं. गेली सव्वाशे वर्षं कधी कलकत्त्यात, कधी दिल्लीत त्या वाक्यावर वाद झाले, त्यात शब्द आले आणि गेले. त्या शब्दांचा हा मागोवा आहे. मी कायद्याची अभ्यासक नाही. वाक्य नीट वाचणं एवढंच मला येतं.

*

पत्र उघडण्यावरून संसदेत झालेला पहिला मोठा गाजलेला वाद लंडनचा, १८४४ सालचा. मराठी वाचकाला त्यातला मुख्य माणूस परका नाही. सावरकरांनी ज्याच्या लेखनाचा मराठी अनुवाद १९०७ साली प्रसिद्ध केला, तोच हा जोसेफ मॅझिनी. लंडनमध्ये निर्वासित म्हणून राहताना आपली पत्रं कुणीतरी फोडून पुन्हा चिकटवतंय, असा त्याला संशय आला. त्याने मित्रांना सांगून पाकिटांत वाळूचे कण, खसखशीचे दाणे, केस घालून पत्रं पाठवायला लावली. पत्र हाती येईपर्यंत दाणे गायब. १४ जून १८४४ ला टॉमस डन्कोम या खासदाराने मॅझिनी आणि त्याच्या साथीदारांचा अर्ज हाउस ऑफ कॉमन्समध्ये मांडला. गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहम यांनी तपशील द्यायला नकार दिला. कार्लाइलने ‘द टाइम्स’ला पत्र लिहून मॅझिनीची बाजू घेतली. त्याच जुलैत नेपल्सच्या राजसत्तेने बांदिएरा बंधूंना गोळ्या घातल्या, आणि लंडनमध्ये फोडलेल्या पत्रांतली माहिती त्यांच्या जिवावर बेतली, असा आरोप झाला.

दोन्ही सभागृहांनी गुप्त समित्या नेमल्या. टपाल खात्यातली परकी पत्रं उघडणारी गुप्त शाखा बंद झाली, सांकेतिक लिपी उलगडणारी शाखाही बंद झाली. गृहमंत्र्याचा वॉरंट काढण्याचा अधिकार मात्र तसाच राहिला. या प्रकारच्या वादांचा शेवट पुढेही बहुतेक वेळा असाच झालेला दिसतो. खोली बंद होते, किल्ली खिशात राहते.

हिंदुस्थानात ती किल्ली कायद्यात लिहिली गेली. १८८५ च्या तार कायद्याचं पाचवं कलम आणि १८९८ च्या टपाल कायद्याचं सव्विसावं कलम. टपाल कायदा मार्च १८९८ मध्ये गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात संमत झाला. आदल्या जूनमध्ये पुण्यात रँडचा खून झाला होता, सप्टेंबरात टिळकांना राजद्रोहाबद्दल शिक्षा झाली होती, आणि टपाल कायद्याच्याच सुमारास राजद्रोहाचं १२४-अ कलमही रुंदावलं गेलं. हे कौन्सिल लोकांनी निवडलेलं नव्हतं आणि सरकारला तिथे हरण्याची भीती नव्हती. तरीही कलमाच्या तोंडाशी एक अट घातलेली होती. ‘सार्वजनिक आणीबाणी उद्भवल्यास, किंवा सार्वजनिक सुरक्षितता वा शांततेच्या हितासाठी’ पत्र अडवता येईल, असं तिचं सार. तारेच्या कलमातही जवळपास हेच.

अट ढिली होती, पण ती होती. ‘सार्वजनिक’ हा तिच्यातला वजनाचा शब्द. आणीबाणी साहेबाच्या मनातली नव्हे, चारचौघांना दिसणारी. या शब्दाची गाठ पुढे पुन्हा पडेल.

*

१९४७ च्या मार्च-एप्रिलमध्ये मूलभूत हक्कांचा मसुदा तयार होत होता, तेव्हा कन्हैयालाल मुन्शींनी आपल्या मसुद्यात पत्रव्यवहाराच्या गुप्ततेचा हक्क घातला होता. मूलभूत हक्क उपसमितीच्या मसुद्यातही तो आला. ज्यांची पत्रं वर्षानुवर्षं फोडली गेली होती अशी माणसं त्या खोलीत बसली होती, तेव्हा तो येणं स्वाभाविकच होतं. पण बी. एन. राव यांना गुन्ह्यांच्या तपासाची काळजी वाटली आणि अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांना दिवाणी खटल्यांतल्या पुराव्याची. सल्लागार समितीत तो हक्क गळाला.

डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत मध्य प्रांत-वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी एक दुरुस्ती मांडली. माणसाचं शरीर, घर, कागदपत्रं आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती होऊ नये, असा तिचा आशय. बाबासाहेब आंबेडकरांनी ती स्वीकारण्याची तयारी दाखवली. हे सगळं फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात आहेच, पण उद्याचं विधिमंडळ ते काढून टाकू शकेल, म्हणून ते त्याच्या हाताबाहेर ठेवणं बरं, असं त्यांचं म्हणणं होतं. मतदानाच्या वेळी गोंधळ झाला, निर्णय लांबला, आणि शेवटी ती दुरुस्ती घटनेत आली नाही.

या दोन गळतींचा परिणाम असा झाला की पत्राची राखण करायला स्वतंत्र भारतात वसाहतीच्या कायद्यातली ती एक जुनी अटच उरली. घटनेने वेगळं कुलूप दिलं नाही.

घटनेने दुसरं एक मात्र दिलं. अनुच्छेद १९(२) मध्ये भाषणस्वातंत्र्यावर कोणत्या कारणांसाठीच वाजवी बंधनं घालता येतील, त्यांची यादी आली. पुढच्या दुरुस्त्या धरून ती अशी: देशाची सार्वभौमता आणि अखंडता, राज्याची सुरक्षितता, परकी राष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, गुन्ह्याला चिथावणी, वगैरे. ही यादी सरकारला आवर घालण्यासाठी केलेली होती. याच्या पलीकडे जाऊ नका, असं ती सांगत होती.

इथून माझ्या ‘किंवा’ची गोष्ट सुरू होते.

*

१९६८ मध्ये विधि आयोगाने टपाल कायद्यावरच्या आपल्या अडतिसाव्या अहवालात जुन्या कलमाचा घटनेशी मेळ घालण्याचा प्रश्न उचलला. १८९८ चे शब्द घटनेच्या यादीपेक्षा सैल होते, हे खरंच होतं. हाच मेळ तार कायद्यात १९७२ साली घातला गेला. तो घालताना जुनी अट काढली नाही, तिच्यामागे दुसरी चाळण लावली. आधी सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न हवा, *आणि* त्यावर अखंडता, राज्याची सुरक्षितता इत्यादी यादीतलं एखादं कारण हवं, आणि ते लेखी नोंदवलेलं हवं. एकामागे एक दोन दारं.

१९८६ मध्ये राजीव गांधी सरकारने टपाल कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं, तेव्हा तेच शब्द वापरले, पण मांडणी बदलली. सार्वजनिक सुरक्षितता, शांतता, सार्वभौमता आणि अखंडता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सुव्यवस्था, चिथावणीला प्रतिबंध, सार्वजनिक आणीबाणी, हे सगळं एका ओळीत बसवलं. मध्ये ‘किंवा’. दोन दारांच्या जागी आठ-दहा दारं शेजारी शेजारी आली, कोणतंही एक उघडलं की आत.

सरकारची बाजू अगदीच पोकळ नव्हती. पंजाब पेटलेला होता. दोनच वर्षांपूर्वी पंतप्रधानांची हत्या झाली होती. शिवाय आपण घटनेचेच शब्द कायद्यात आणतोय, असं सरकारला म्हणता येत होतं. ते म्हणणं शब्दशः खरं होतं, आणि अनुवादक म्हणून मला तिथेच थांबायला होतं. शब्द तेच राहून अर्थ उलटतो, हे आम्ही रोज पाहतो. घटनेत जी यादी कुंपण होती, ती विधेयकात वाट झाली. ‘याच्या पलीकडे जाऊ नका’चं ‘इथून इथून जा’ झालं.

लोकसभेत काँग्रेसचे चारशेहून अधिक सदस्य होते. विरोधकांनी आक्षेप घेतले आणि विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. सहीसाठी ते राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्याकडे गेलं.

झैलसिंग ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला देशाचे गृहमंत्री होते. पाळत कशी ठेवली जाते, फाइल कुठून कुठे फिरते, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलेलं नव्हतं. त्यापूर्वी, तरुणपणी, फरीदकोट संस्थानच्या तुरुंगात त्यांनी पाच वर्षं काढली होती. १९८६ पर्यंत पंतप्रधानांशी त्यांचं फाटलं होतं. राष्ट्रपती भवनातच आपल्यावर पाळत आहे, असा त्यांना संशय होता आणि महत्त्वाचं बोलायचं तर ते पाहुण्यांना बागेत नेत, असं त्या काळच्या पत्रकारांनी नोंदवून ठेवलं आहे.

त्यांच्यापुढे दोन सरळ मार्ग होते. सही करायची, नाहीतर फेरविचारासाठी परत पाठवायचं. परत पाठवलेलं विधेयक संसदेने पुन्हा मंजूर केलं तर राष्ट्रपतींना संमती रोखता येत नाही, आणि बहुमत तर समोर दिसत होतं. झैलसिंगांनी दोन्ही केलं नाही. विधेयक टेबलावर पडून राहिलं. अनुच्छेद १११ परत पाठवायचं तर शक्य तितक्या लवकर पाठवा म्हणतो, मुदत घालत नाही. अमेरिकेच्या अध्यक्षाला दहा दिवस असतात. भारताच्या राष्ट्रपतींचा खिसा अमेरिकेच्या अध्यक्षांपेक्षा मोठा आहे, हे राज्यशास्त्राच्या पुस्तकांतलं आवडतं वाक्य या प्रसंगाला धरूनच येतं. मार्च १९८७ मध्ये राष्ट्रपतींनी पंतप्रधानांना लिहिलेल्या पत्राचा मसुदा ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये छापून आला. देशाच्या पहिल्या नागरिकाचंही पत्र गुप्त राहिलं नाही, आणि पत्रांचं विधेयक त्याच्याच टेबलावर होतं.

जुलै १९८७ मध्ये ते निवृत्त झाले. नंतरचे राष्ट्रपती आर. वेंकटरमण यांनी विधेयक फेरविचारासाठी परत पाठवलं. नव्या राष्ट्रीय आघाडीच्या सरकारने ते पुढे नेलं नाही. २००२ साली ते रीतसर मागे घेण्यात आलं.

या प्रसंगाकडे मी कौतुकाने पाहत आले आहे, पण आता ते कौतुक थोडं सावध झालंय. विधेयक संसदेतल्या युक्तिवादाने अडलं नाही. एका माणसाच्या मौनाने अडलं, आणि त्या मौनात तत्त्व किती आणि रुसवा किती, हे त्यांनाच ठाऊक. ज्या वाक्यावर कोट्यवधी लोकांची पत्रं अवलंबून आहेत, त्याचं रक्षण असं योगायोगाने व्हावं, ही काही निश्चिंत होण्यासारखी गोष्ट नाही.

*

त्या जुन्या अटीत काय दडलेलं होतं, हे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उलगडून सांगितलं. मधल्या वर्षांत टेलिफोन टॅपिंग हा राजकारणातला रोजचा शब्द झाला होता. कर्नाटकात रामकृष्ण हेगडे यांना १९८८ मध्ये त्यावरूनच मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. राजकारण्यांचे फोन टॅप झाल्याचा सीबीआयचा अहवाल प्रसिद्ध झाल्यावर पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना न्यायालयात गेली. १८ डिसेंबर १९९६ ला निकाल लागला.

तार कायद्यातलं पहिलं दार पार केल्याशिवाय दुसऱ्याकडे जाताच येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. आणि पुढे आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात मोलाची वाटते: सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न ही गुप्त स्थिती नसते, सामान्य समजाच्या माणसाला ती दिसलीच पाहिजे. राज्याची सुरक्षितता धोक्यात आहे की नाही, हे सरकारच सांगू शकतं, आणि ते कागद आपल्याला दिसत नाहीत. पण गावात दंगल आहे का, हल्ला झालाय का, साथ आहे का, हे खिडकीतून कळतं. पहिल्या दाराची किल्ली अशी थोडी का होईना, बाहेरच्या माणसाच्याही हातात होती.

न्यायालयाने कार्यपद्धतीही घालून दिली. आदेश गृहसचिवांचाच हवा, त्याची मुदत दोन महिने, कमाल सहा, आणि वर आढावा समिती. मात्र आदेश काढणारेही सचिव आणि आढावा घेणारेही सचिव. आधी न्यायाधीशाची परवानगी घ्यावी, हे न्यायालयाने मान्य केलं नाही.

तरी शब्दांना धार होती. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाचेच्या एका प्रकरणातले फोन टॅपिंगचे आदेश रद्द केले. कारण एवढंच की त्यात ना सार्वजनिक आणीबाणी होती ना सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न. १८८५ सालच्या इंग्रज कारकुनी मसुद्यातले ते शब्द एकविसाव्या शतकात मुंबईत कामाला आले.

*

इथे अनुवादकाने स्वतःच्या धंद्याबद्दल बोललं पाहिजे. संसदेत चर्चा होते ती ऐकण्याच्या अधिकाराची. ऐकलेलं *समजतं* हे सगळेच गृहीत धरतात.

इंग्रजांना हे गृहीत धरता येत नव्हतं. मुंबई सरकारात ओरिएंटल ट्रान्सलेटर नावाचं कार्यालयच होतं. देशी वृत्तपत्रांतल्या मजकुराचे इंग्रजी गोषवारे तिथून नियमित वर जात. १९०८ च्या खटल्यात टिळकांनी ‘केसरी’च्या लेखांच्या सरकारी भाषांतरावर शब्दाशब्दाने हरकत घेतली आणि भाषांतरकाराची उलटतपासणी केली. इंग्रजीत गेल्यावर आपला मराठी शब्द भडक होतो, हा त्यांचा मुद्दा होता. शिक्षा झाली सहा वर्षांची, मंडालेची.

जवळचं उदाहरण जास्त बोचरं आहे. १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी दिल्लीतल्या एका महाविद्यालयात अरबी शिकवणाऱ्या प्राध्यापकाचा श्रीनगरहून आलेला फोन टिपला. बोलणं होतं काश्मिरीत, सुमारे दोन मिनिटांचं. दरम्यान हल्ल्याच्या छायेत ‘पोटा’ कायदा आला. राज्यसभेने तो फेटाळल्यावर २६ मार्च २००२ ला दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक बोलावली गेली, भारताच्या इतिहासातली तिसरी, आणि तो ४२५ विरुद्ध २९६ मतांनी मंजूर झाला. संभाषणं टिपण्यासाठी त्यात वेगळं प्रकरण होतं. एरवी इतक्या तपशिलात आणि इतक्या चुरशीने पाळतीच्या अधिकारांवर चर्चा क्वचितच झाली असेल.

पण त्या प्राध्यापकाचा जीव टांगला गेला तो एका लहानशा प्रश्नोत्तरावर. दिल्लीत हे काय झालं, अशा अर्थाचा भावाचा प्रश्न आणि त्यावरचं त्याचं उत्तर. पोलिसांच्या भाषांतरात ते उत्तर हल्ल्याचं समर्थन ठरत होतं. ते भाषांतर करून दिलं होतं दिल्लीच्या मंडईतल्या, जेमतेम शाळा शिकलेल्या एका काश्मिरी फळविक्रेत्याने. बचाव पक्षाने काश्मिरी जाणणारे दोन साक्षीदार उभे केले. त्यांनी त्याच ध्वनिफितीतून वेगळंच वाक्य ऐकलं, घरगुती बोलण्यातलं. विशेष न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये फाशी सुनावली. ऑक्टोबर २००३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्राध्यापकाला निर्दोष सोडलं, आणि ऑगस्ट २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका कायम ठेवली, त्याच्याविषयीचा संशय पुरता न पुसता.

त्या फळविक्रेत्याला मी दोष देत नाही. त्याला कुणीतरी टेबलाशी बसवलं आणि विचारलं, याने काय म्हटलं? हा प्रश्न मलाही रोज विचारला जातो. मला दोन दिवस मिळतात, कोश मिळतो, लेखकाला फोन करता येतो, आणि तरी मी चुकते. ४२५ आणि २९६ सदस्यांच्या त्या बैठकीत कितीएक कलमं चर्चेला होती. ऐकणाऱ्याला ती भाषा कितपत येते, हा प्रश्न त्यांत मला कुठे दिसत नाही.

ऐकूच नये, असं मी म्हणत नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबई जळत असताना हल्लेखोर आणि त्यांचे सूत्रधार यांच्यातले फोन पोलिसांनी टिपले, आणि पुढे खटल्यात तो महत्त्वाचा पुरावा ठरला. सार्वजनिक आणीबाणी म्हणजे काय, हे त्या तीन दिवसांत मुंबईत कुणालाही विचारावं लागलं नसतं. जुनी अट तिथे आडवी आलीच नसती. म्हणूनच त्यानंतर जे झालं ते चुटपुट लावतं. हल्ल्याला महिनाही झाला नव्हता. २२ आणि २३ डिसेंबर २००८ ला माहिती तंत्रज्ञान कायद्याची दुरुस्ती दोन्ही सभागृहांतून चर्चेविना पार झाली. तिच्या ६९ व्या कलमाने संगणकातल्या कोणत्याही माहितीवर पाळतीचा अधिकार दिला. ते लिहिताना पहिलं दार वगळलं. आणीबाणी नाही, सार्वजनिक सुरक्षितता नाही, फक्त यादी, आणि यादीच्या शेवटी ‘किंवा कोणत्याही गुन्ह्याच्या तपासासाठी’. १९८६ मध्ये जे बदलताना एवढा गदारोळ झाला, ते इथे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

*

मग २०२३ चा डिसेंबर. १८९८ चा टपाल कायदा रद्द करून नवा आणणारं विधेयक राज्यसभेत ४ डिसेंबरला मंजूर झालं. पत्र उघडण्याच्या कलमावर विरोधी सदस्यांनी शंका काढल्या. सरकारने राष्ट्रीय सुरक्षेचं कारण दिलं. १८ डिसेंबरला ते लोकसभेत आवाजी मतदानाने मंजूर झालं. संसदेच्या सुरक्षेत नुकत्याच झालेल्या चुकीवर गृहमंत्र्यांनी निवेदन करावं, अशी मागणी करत विरोधक गोंधळ घालत होते, आणि त्या एका दिवशी दोन्ही सभागृहांतले ७८ विरोधी सदस्य निलंबित झाले. टेलिफोनच्या निकालाला त्या दिवशी बरोबर सत्तावीस वर्षं पूर्ण होत होती.

नव्या कायद्याचं नववं कलम मी अनेकदा वाचलं. राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सुव्यवस्था, आणीबाणी, सार्वजनिक सुरक्षितता, *किंवा* या कायद्याचा वा अन्य कोणत्याही कायद्याचा भंग. दोन गोष्टी डोळ्यांत खुपल्या. एक, शेवटचा ‘किंवा’. तो १९८६ च्या विधेयकातही नव्हता. दुसरी, ‘आणीबाणी’च्या मागचा ‘सार्वजनिक’ गेला. १८९८ सालच्या साहेबाने ठेवलेला शब्द गळाला. आता कुणाची आणीबाणी, हे वाक्य सांगत नाही.

गंमत अशी की त्याच आठवड्यात मंजूर झालेल्या दूरसंचार कायद्यात फोनसाठी ती जुनी अट कायम आहे, ‘सार्वजनिक’सकट. म्हणजे आज कायद्याच्या भाषेत माझ्या फोनला दार आहे आणि माझ्या पत्राला नाही. पत्रं आता लिहितं कोण, असं कुणी म्हणेल. तुरुंगातला माणूस लिहितो. न्यायालयाच्या, बँकेच्या नोटिसा टपालाने येतात, पुस्तकांची पार्सलं येतात. आणि हे मासिकही माझ्याकडे टपालानेच येतं.

१९८६ मध्ये विधेयक तीन वर्षं अडलं तरी, लोकांनी त्यातला ‘किंवा’ वाचला तरी. २०२३ च्या विधेयकावर सहा दिवसांत, २४ डिसेंबरला सही झाली. १८ जून २०२४ पासून तो कायदा लागू आहे.

मामा आता नाहीत. ते पत्र माझ्याकडे आहे. काळ्या पट्ट्याखालच्या दोन ओळी मी आजीच्या सांगण्यावरून पेन्सिलीने समासात लिहून ठेवल्या आहेत. तेवढाच माझा त्या पत्रावरचा अनुवाद. आजीने दुसऱ्या वर्षी मिरगाला फणस खरोखरच लावला होता. त्याला पहिली फळं धरली तेव्हा तिने मामांना पोस्टकार्ड टाकलं, उघडंच, कुणीही वाचावं असं.